"अर्को साल" म्हणजे कधी? आमच्या पास्टरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद, महिला मंडळ आणि तरुण संघ यांस,

प्रभूमध्ये सलाम.

गेल्या रविवारी उपासनेच्या शेवटी नोटीस वाचली गेली, की पुढच्या वर्षीची मिशन ट्रिप दुसऱ्या देशात नेण्याचा विचार आहे. कारण असं सांगितलं गेलं, की नेपाळ झालं, आता तरुणांना नवं क्षेत्र दाखवू. माझ्या बाकावर पलीकडे मिस्त्रीकाका बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शेवटच्या गीताला ते उभेच राहिले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना गीताला बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"नेपाळ झालं" हे दोन शब्द माझ्या घशात अडकले आहेत. हे मी बैठकीतही बोलले असते, पण ट्रिपचा अहवाल मांडायला मला सहा मिनिटं मिळाली आणि त्यातली चार फोटो दाखवण्यात गेली. शिवाय आपल्यासारख्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्या आता वर्षभर पैसे साठवून बाहेरदेशी सेवेला माणसं पाठवू लागल्या आहेत. त्यांच्याही कमिट्यांपर्यंत हे जावं, म्हणून उघड लिहिते आहे.

बारा दिवसांचं सगळं सांगत बसत नाही. प्रवासाचं तर तुम्ही ऐकलंच आहे: पुष्पक एक्स्प्रेसनं लखनऊ, तिथून बसनं रुपैडिहाची सीमा, नेपाळगंज, सुर्खेत आणि मग भेरी नदीच्या कडेकडेनं जीप. मला बोलायचं आहे ते शेवटच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी आपण तिथे काय करून आलो, हे कमिटीला माहीत नाही. मलाही ते घरी आल्यावर हळूहळू उमगत गेलं.

शनिवार, २२ मार्च २०२५. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून तिथली मंडळी शनिवारी भरते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. जाजरकोट जिल्हा, जीप सोडल्यावर दोन तासांची चढण, एवढं पुरे.

प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची शेड. ३ नोव्हेंबर २०२३ ला रात्री अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आधीचं दगडी प्रार्थनाघर खाली बसलं. जाजरकोट आणि शेजारचा पश्चिम रुकुम मिळून दीडशेहून जास्त माणसं त्या रात्री गेली. शुक्रवारची रात्र होती. बारा तास उशिरानं आला असता तर अख्खी मंडळी आत असती, असं तिथले पाळक म्हणाले. २०१५ चा मोठा भूकंप तर शनिवारीच आला होता, २५ एप्रिलला, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना, आणि कित्येक ठिकाणी लोक उपासनेला बसलेले असतानाच भिंती पडल्या. तिथल्या विश्वासी माणसांच्या मनात शनिवार आणि भूकंप यांची गाठ बसली आहे. प्रार्थना चालू असताना पत्र्यावर काहीतरी धपकन पडलं, साधी फांदी असावी, तर सगळ्या बायकांचे हात एकदम आपापल्या पोरांकडे गेले. डोळे मिटलेलेच होते. हात मात्र बरोबर पोहोचले.

उपासनेनंतर निरोपाचा कार्यक्रम झाला. त्यांनी आम्हा अकराजणांच्या गळ्यात लालीगुराँसच्या माळा घातल्या. त्या महिन्यात वरच्या रानात ही झाडं लालभडक फुलतात, पोरं पहाटेच उठून फुलं आणायला गेली होती. मादल वाजला, भजन झालं, तिथल्या पाळकांनी प्रार्थना केली आणि प्रार्थनेतच त्यांचा आवाज फुटला. आपली तरुण मुलं हुंदके देऊन रडत होती. ती खरी रडत होती, त्यात खोटं काही नव्हतं. ज्या घरात आपण बारा दिवस जेवलो त्या घरची माणसं दारात उभी राहिली की पोटात तुटतंच. नेपाळीत माया म्हणजे प्रेम, आपल्या मराठीत म्हणतो तीच माया, आणि ती त्या लोकांनी आमच्यावर केली.

मग आपला कार्यक्रम. बॅनर लागला. दप्तरं वाटायची होती. इथून निघताना चाळीस दप्तरं बांधून नेली होती, कारण चाळीस मुलं असतील असा अंदाज कुणीतरी केला होता. रांगेत सत्तावन्न मुलं उभी राहिली. पुढच्या चाळिसांना मिळाली. उरलेल्या सतराजणांना आम्ही आमच्याजवळची बिस्किटं, पेनं, एकाला तर माझी पाण्याची बाटली दिली. एकही मूल रडलं नाही. ज्यांना मिळालं नाही ती मुलं टाळ्या वाजवत होती, कारण टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. मी शाळेत शिकवते, एकवीस वर्षं शिकवते आहे. रांगेतल्या सतरा मुलांना कमी पडेल असं काही मी वर्गात कधी केलं नसतं. तिथे केलं. यात कमिटीला एकटं दोषी धरत नाही, मोजायचं काम मीही केलं नाही.

त्या गर्दीत दोन माणसं नव्हती. मिस्त्रीकाका आणि आमा.

आमा म्हणजे नेपाळीत आई. या आमा कोण, ते अहवालात एका ओळीत आलं होतं: "एका विधवा भगिनीच्या घरबांधणीस मदत." त्या ओळीमागचं सांगते. आमांचं वय सत्तरीचं असेल. भूकंपाच्या रात्री त्यांची शेळी व्यायला झाली होती म्हणून त्या गोठ्यात तिच्याजवळ बसल्या होत्या. घर पडलं. आत त्यांचे यजमान होते आणि सात वर्षांची नात होती. सरकारनं तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पन्नास हजार नेपाळी रुपये दोन हप्त्यांत दिले, त्यातून पत्र्याची झोपडी उभी राहिली. तीत त्यांनी दोन हिवाळे काढले. थंडीत पत्र्याला आतून दव सुटतं आणि पहाटेपर्यंत अंथरुणावर थेंब पडत राहतात. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते ठाऊक आहे, माझं लहानपण तशाच पत्र्याखाली गेलं आहे.

मी त्यांना शोधत गेले तर दोघंही भिंतीपाशी. मिस्त्रीकाका आणि गावचे डकर्मी, म्हणजे तिथले गवंडी, कोपऱ्याचा थर लावत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि आठ दिवसांत त्यांचं कुठे अडलंही नव्हतं. पहिल्याच दिवशी मिस्त्रीकाकांनी पडलेल्या भिंतीचा ढिगारा उकरून पाहिला आणि मला हाक मारली, "बाई, हे बघा, किल्लारी." खरंच तेच होतं. दीड-दोन हात जाड भिंत, पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मधे माती आणि गोटे. दोन थरांना धरून ठेवणारा एकही लांब दगड नाही. जमीन हलली की भिंतीचं पोट फुगतं, फुटतं, आणि वरचं सगळं वजन झोपलेल्या माणसांवर येतं. आपल्याकडे वर माळवद होतं, तिकडे लाकूड आणि दगडी पाट्या. मरणाची रीत तीच.

नव्या भिंतीत दर दोन हातांवर आरपार जाणारा लांब दगड घालायचा, कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतवायचे, आणि खिडकीच्या तळाशी, खिडकीच्या वर आणि छपराखाली सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखा लाकडी पट्टा फिरवायचा. यात नवीन शोध काही नाही. आपल्याकडे १९९३ नंतर गावोगाव हे शिकवलं गेलं, नेपाळात २०१५ नंतर शिकवलं गेलं. फक्त डोंगरावर लांब दगड फोडून आणायला माणसं लागतात आणि वेळ लागतो. आम्ही अकराजण आठ दिवस दगड वाहत होतो आणि भिंत खिडकीच्या तळापर्यंत आली होती. पहिला पट्टा बसायचा होता. तिथे आमचा शेवटचा दिवस आला.

मिस्त्रीकाका निरोपाच्या कार्यक्रमाला आले नाहीत, कारण त्यांना कोपरा उघडा ठेवून निघायचं नव्हतं. पावसात उघड्या कोपऱ्यातून माती वाहून जाते. मी गेले तेव्हा ते गुडघ्यावर बसून शेवटचा लांब दगड हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकत होते. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीला लावून पाहिला, दोरा गुंडाळला आणि तो डकर्मींच्या हातात दिला. पितळेचा ओळंबा. त्यांच्या वडिलांचा. डकर्मी तो परत देऊ लागले, तर मिस्त्रीकाका मराठीतच म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वर्षी आलो की घेईन."

मी ते हिंदीत सांगितलं. डकर्मींनी मान हलवली. त्यांना तसं सगळं समजलेलंच होतं.

आमा झोपडीतून सुपात अक्रोड घेऊन आल्या. ओखर म्हणतात तिकडे. दगडावर ठेवून एकेक फोडला, गर अख्खा निघेल असा, आणि अकरा वाटे केले. मिस्त्रीकाकांचा वाटा मोठा केला. मग माझ्या हाताला धरून त्यांनी विचारलं, "कहिले आउनुहुन्छ?" कधी याल? मी त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. बारा दिवसांत जे पाच-पंचवीस शब्द आले होते त्यातले दोन: "अर्को साल." पुढच्या वर्षी.

आमांचा चेहरा एकदम खुलला. त्या बोटांवर मोजू लागल्या. मला कळेना. शेजारची मुलगी हसत मला म्हणाली, दिदी, आता चैत चालू आहे, आमचं नवं साल तर बैशाखात लागतं, तीन आठवड्यांनी. आमांना वाटलं तुम्ही पुढच्याच महिन्यात येताय.

मी "नाही नाही" म्हणाले. मी मार्च म्हणाले, फेब्रुवारी म्हणाले, "बाह्र महिना" म्हणाले. आमांनी बोटं मिटली आणि मान डोलावली. बारा महिने तर बारा महिने. त्यांना वेळ कळली, आणि त्यांनी ती धरून ठेवली. खाली उतरताना वळून पाहिलं तर भिंतीपाशी दोन आकृत्या उभ्या होत्या आणि त्या बराच वेळ तशाच होत्या.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. रुपैडिहाला आल्यावर सगळ्यांनी मोबाइलवर वेळ मागे गेलेली पाहिली. त्या पंधरा मिनिटांत मी वर आमांपाशी काय बोलले असते, हा विचार करत मी लखनऊपर्यंत आले.

आता तुम्ही म्हणाल, बाई भावनेच्या भरात लिहीत आहेत. भावना आहेच. पण या भावनेची मला फार जुनी ओळख आहे, आणि ती कुठून आली तेही सांगते.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पनला आमचं गाव पडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. आमच्या घरातलं कोण गेलं ते मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. ऑक्टोबरात आमच्या पत्र्याच्या शेडवर एका मोठ्या शहरातून एक गट आला. पंधरा दिवस राहिला. त्यांच्यात एक ताई होत्या. त्या आम्हा मुलींना गाणी शिकवायच्या, केस विंचरायच्या. भूकंपानंतर माझे केस कुणी विंचरले नव्हते, आईला ते भानच नव्हतं. त्या निघाल्या त्या दिवशी त्यांनी मला दोन निळ्या फिती बांधल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीला येते हं." त्याही रडत होत्या. त्यांचंही रडणं खरं होतं, हे मला आता, स्वतः तसं रडून आल्यावर, पक्कं कळलं.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात होती. मी फाट्यावर जाऊन बसायचे. एसटी थांबली की उठायचे. भाऊबीज झाली तरी जात होते. पुढे केव्हातरी जाणं बंद झालं, कधी ते आठवत नाही. त्या ताईंवर राग नाही माझा. त्यांनी कुठेतरी नोकरी धरली असेल, लग्न झालं असेल, त्यांच्या संस्थेनं त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं असेल, "किल्लारी झालं" म्हणून.

आणि दुसरं एक माणूस होतं. एक नर्सबाई होत्या, आपल्याच एका मंडळीतल्या, दर गुरुवारी यायच्या. गाणी वगैरे नाही, रडणं नाही. रक्तदाब बघायच्या, जखमा धुवायच्या, म्हाताऱ्यांशी दोन शब्द बोलायच्या, पाचच्या एसटीनं परत जायच्या. दोन वर्षं आल्या. पावसात आल्या, उन्हात आल्या. त्या आमच्याकडे शेवटच्या कधी आल्या, कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्यांचा निरोप समारंभ झालाच नाही. गाव नव्या जागी गेलं, दवाखाना झाला, त्यांचं येणं कमी होत गेलं. मी प्रभूच्या मंडळीत टिकले त्याचं कारण विचाराल तर मी त्या गुरुवारांचं नाव घेईन.

पाळकसाहेब, वचन तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरीही प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय, छत्तिसावं वचन कमिटीपुढे एकदा वाचावं अशी विनंती आहे. पौल बर्णबाला म्हणतो, ज्या ज्या गावी आपण वचन सांगितलं तिथल्या भावांकडे परत जाऊन ते कसे आहेत ते पाहू. दुसरा प्रवास सुरू झाला तो असा, परत जाण्याच्या इच्छेतून. नवी गावं पुढे वाटेत आली. आणि विसाव्या अध्यायात मिलेतला इफिसच्या वडिलांचा निरोप आहे, ज्यात सगळे पौलाच्या गळ्यात पडून रडतात. आपण निरोपाच्या प्रसंगी तो भाग हमखास वाचतो. त्या दिवशीही वाचला. पण पौल त्यांच्यात तीन वर्षं राहिला होता. आपण बारा दिवसांवर तो अध्याय वाचला.

आपल्या मराठी मंडळीला तरी हे कुणी शिकवायला नको. सिंथिया फरार बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे घेतले, आणि १८६२ साली त्या नगरलाच वारल्या. तेव्हा जहाजाला महिनोन्महिने लागत, एकदा आलं की परत जाणं अवघड, हे खरं आहे. आपल्याला विमान आहे, रेल्वे आहे, नेपाळला जायला पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदार कार्ड पुरतं. येणं सोपं झालं म्हणजे परत येणंही सोपं झालं, असं मी धरून चालले होते.

फोटोंबद्दल एक गोष्ट आहे आणि ती तातडीची आहे. नेपाळात २०१८ पासून लागू असलेल्या अपराध संहितेत, कलम १५८ प्रमाणे, कुणाचं धर्मांतर करवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. तिथल्या पाळकांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हाला विनवून सांगितलं होतं, की मुलांवर हात ठेवून प्रार्थना करतानाचे फोटो कुठेही टाकू नका. तक्रार झाली तर तुम्ही तेव्हा घरी असाल, पोलीस चौकीत आम्हाला जावं लागेल. आपल्या मंडळीच्या पानावर तसे सहा फोटो अजून आहेत, गावाच्या नावासकट. मी तीनदा सांगितलं. कृपा करून आज काढा. अहवालाच्या नमुन्यात "किती जणांनी निर्णय घेतला", म्हणजे किती जणांनी ख्रिस्त स्वीकारला, असा रकाना आहे, तोही काढा. त्या देशात १९५१ च्या सुमारास ख्रिस्ती मंडळी जवळपास नव्हतीच आणि १९९० पर्यंत बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसं तुरुंगात जात होती. त्यांनी आपला विश्वास स्वतः वाढवला आहे, आपापल्या भाषेत, आपापल्या गावात. आपण तिथे पाहुणे होतो आणि दगड वाहायला गेलो होतो. त्या रकान्यात लिहिण्यासारखं आपल्याजवळ काही नाही, आणि असतं तरी लिहू नये.

माझं मागणं एवढंच आहे, की पुढच्या मार्चात आपण त्याच गावी जावं. अकराजण नकोत. पाच पुरेत, त्यातले दोन गवंडीकामातले असावेत, आणि त्यातले तिघं तरी गेल्या वेळी गेलेले असावेत, म्हणजे आमांना पुन्हा नव्यानं नावं पाठ करावी लागणार नाहीत. उरलेल्या सहाजणांच्या तिकिटाचे पैसे तिथल्या मंडळीला द्यावेत. तिथल्या डकर्मींना घरच्यासाठी दरवर्षी काही महिने "कालापहाडला", म्हणजे आपल्या भारतात, मजुरीला यावं लागतं. त्यांना गावातच रोज मिळाला तर ते थांबतील आणि भिंत आपल्यावाचूनही चढेल. त्यात मला कमीपणा वाटत नाही. आणि या वेळी मुलं आधी मोजू. तरुण संघातल्या मुलामुलींना नवा देश पाहायचा असेल तर जरूर पाहावा, त्यांचं ते वय आहे. मंडळीच्या दानपेटीतून मात्र आधी दिलेला शब्द पुरा होऊ दे.

कुणी म्हणेल, मग आपण कायमचं तिथेच अडकायचं का? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. घराला छप्पर पडेपर्यंत तरी, असं मला वाटतं. त्यानंतर आमाच सांगतील.

शेवटी एक निरोप तुमच्यापर्यंत पोचवायचा आहे. निघताना आमांनी मला अक्रोडाची एक वेगळी पुरचुंडी दिली होती. त्यांचा मुलगा पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहे. ती नात त्याचीच मुलगी. एप्रिलमध्ये मी पुण्याला गेले आणि ती पुरचुंडी त्याला दिली. गेटजवळच्या केबिनमध्ये त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. पुरचुंडी सोडून त्यानं आधी वास घेतला. मग मराठीत विचारलं, चांगलं मराठी बोलतो तो, "मॅडम, भिंत कुठपर्यंत आली?" मी हात कमरेपर्यंत नेऊन दाखवला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खिडकी दक्षिणेला ठेवली ना? तिकडून ऊन येतं. पोरगी तिथे बसायची." मी फोटो दाखवला. खिडकीची जागा दक्षिणेलाच सोडली होती, आमांनीच सांगितली होती ती.

तेव्हापासून तो महिन्यातून एकदा फोन करतो. पावसाळ्यात भिंतीचा कोपरा टिकला, हे त्यानंच कळवलं. ओळंबा डकर्मींच्या घरात खुंटीला टांगलेला आहे आणि त्यांच्या पोरांना त्याला हात लावायची परवानगी नाही, हेही त्यानंच सांगितलं. मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा म्हणाला, तुम्ही येणार तेव्हा मीही गावी जाईन, दगड उचलायला घरचं एक माणूस पाहिजे. चैताची एक महिन्याची सुट्टी त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आत्ताच मागून ठेवली आहे, बदली माणूसही शोधला आहे.

येत्या रविवारी उपासनेनंतर तुमची बैठक आहे. मी आणि मिस्त्रीकाका बाहेर बाकावर बसून राहू. बोलावलंत तर आत येऊ. नाही बोलावलंत तरी बैठक संपल्यावर मला एवढं सांगा, की त्याचा पुढचा फोन आला की मी काय बोलू.

आपली,
मंडळीची एक सभासद